फाउंटन्स मठ: छप्पर गेले, भिंती कशा राहिल्या?

प्रश्न (चाळीसगाव)
इंग्लंडमधील यॉर्कशरच्या फाउंटन्स मठाची छायाचित्रे पाहताना एक शंका येते. चर्चच्या भिंती आणि खांब आजही उंच उभे आहेत, पण वर आभाळ आहे; त्याच आवारात पश्चिमेचे लांबलचक दालन मात्र छतासह शाबूत आहे. युद्धात असे निवडक नुकसान होईल का? जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (धुळे)
युद्ध नव्हे, भूकंपही नव्हे. ११३२ साली यॉर्कच्या सेंट मेरी मठातून बाहेर पडलेल्या तेरा साधूंनी स्केल नदीकाठी वसवलेला हा मठ पुढे सिस्टर्शियन या ख्रिस्ती साधूंच्या पंथात गेला, लोकरीच्या व्यापारावर संपन्न झाला आणि आठव्या हेन्रीने देशभरचे मठ बरखास्त केले तेव्हा १५३९ मध्ये राजाच्या ताब्यात गेला. छपरावरच्या शिशाच्या पत्र्यांना चांगला भाव असल्याने आधी तेच उतरवले गेले. पत्रा गेला की लाकूड पावसात कुजायला किती वेळ लागणार? पुढे १६०० च्या सुमारास शेजारी उभ्या राहिलेल्या फाउंटन्स हॉल या वाड्यालाही मठाचाच दगड लागला.

उत्तर (जळगाव)
आपण म्हणता ते दालन सुमारे ९० मीटर लांब आहे. मधोमध खांबांची एकच रांग असून खांबांना शीर्षच नाही. कमानींच्या फासळ्या थेट खांबातून फुटून दोन्ही बाजूंना पसरतात. या भागात कोठार आणि श्रमिक बंधूंचे, म्हणजे मठातील अंगमेहनतीची कामे करणाऱ्यांचे, भोजनगृह होते. छत दगडी असल्यामुळे ते टिकले, पण त्याच इमारतीच्या वरच्या मजल्यावरील शयनगृहाचे लाकडी छप्पर नाहीसे झाले आहे. एकाच वास्तूत आपल्या प्रश्नाचे उत्तर असे वर-खाली दिसते, हे मला फार मोलाचे वाटते.

उत्तर (साक्री)
आमच्याकडच्या बलसाणे येथील मंदिरांशी तुलना करून पाहावी. हेमाडपंती बांधणीत चुना नसतो. खाचा पाडलेले दगड आपल्या वजनानेच एकमेकांना धरून ठेवतात आणि छतही दगडाचेच असते, त्यामुळे वितळवून नेण्यासारखे तिथे काहीच नव्हते. फाउंटन्सच्या भिंती बाहेरून घडीव दगडाच्या असल्या तरी आत डबर आणि चुना भरलेला आहे, त्यामुळे छप्पर गेल्यावर माथ्यातून झिरपणारे पाणी हाच त्यांचा खरा शत्रू ठरतो. अशा अवशेषांच्या जतनात भिंतीचा माथा नीट बंद करणे हे पहिले काम असते. छायाचित्रे पुन्हा पाहाल तेव्हा तो माथा आणि त्याखालची तुळयांची रिकामी भोके अवश्य न्याहाळावीत.