ऑयलरचे ३७२ भागाकार : यात ८ कुठून आला? (मदत हवी आहे)

मंडळी, मी कॉमर्सवाली, गणित निव्वळ हौसेचं. प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

२^३१ − १, म्हणजे २१४७४८३६४७, ही मूळ संख्या आहे हे गणितज्ञ ऑयलरने १७७२ मध्ये बेर्नुली या दुसऱ्या गणितज्ञाला पत्रातून कळवलं. (प्रोग्रामिंगवाल्यांना हा आकडा ३२ बिटांच्या इंटची कमाल मर्यादा म्हणून पाठ असेल.) हिचं वर्गमूळ ४६३४० च्या किंचित पुढे. तिथपर्यंतच्या एकूण एक मूळ संख्यांनी भागून बघायचं तर पावणेपाच हजारांच्या आसपास भागाकार. ऑयलरच्या रीतीने फार तर ३७२. तेही दृष्टी जवळजवळ गेलेली असताना!

पहिली चाळणी मला कळली. समजा 'न' ही मूळ संख्या २^३१ − १ ला भागते. मग २^३१ ला न ने भागून १ उरतो. फर्माच्या सिद्धांताने २^(न−१) लाही १ च उरतो. १ उरवणारा २ चा सर्वांत लहान घातांक अशा बाकी सगळ्या घातांकांना भागतो. ३१ स्वतः मूळ, म्हणून तो ३१ च, आणि न−१ ला ३१ ने भाग जायलाच हवा, आणि न विषम असल्यामुळे ६२ नेही. म्हणजे न = ६२क + १ (क कोणतीही पूर्ण संख्या). लहान उदाहरणावर पडताळलं: २^११ − १ = २०४७ = २३ × ८९, दोन्ही २२क + १. जमलं.

गाडी अडलीय ती पुढे. म्हणे, ८ ने भागून १ किंवा ७ उरणारेच न ठेवायचे. त्यामुळे २४८क + १ आणि २४८क + ६३ एवढेच राहतात. ३११ तपासायचा (तपासला, बाकी ३५). पण ३७३ सुद्धा मूळ आहे, ६२×६ + १ आहे, तरी तिला हातही लावायचा नाही. का?

प्रतिसाद १
ताई, तुमच्याच ओळीला २ ने गुणा. २^३१ ला १ उरतो, तर २^३२ ला २ उरणार. आणि २^३२ म्हणजे ६५५३६ चा वर्ग. थोडक्यात, न ने भागून २ उरेल असा वर्ग सापडला. असा वर्ग ७ ला मिळतो (९), १७ ला मिळतो (३६). ३, ५, ११ ला कितीही शोधा, मिळत नाही. ८ ने भागून ३ किंवा ५ उरणाऱ्या मूळ संख्यांना तो कधीच मिळत नाही.

धागाकर्ती
अरे वा! पण 'कधीच' कशावरून?

प्रतिसाद २
गाऊसची युक्ती. २, ४, ६ … न−१ लिहा. त्यांतल्या न/२ पेक्षा मोठ्या किती, ते मोजा. सम आल्या तर वर्ग मिळतो, विषम आल्या तर नाही. ७ साठी ४ आणि ६, म्हणजे दोन. ५ साठी फक्त ४. न ला ८ ने भागून काय उरतं, त्यावरच हे सम-विषम ठरतं.

धागाकर्ती
मोजलं. ३११ साठी ७८, ३७३ साठी ९३. सुटली बिचारी ३७३!