परिचर्या शिक्षणात औषधशास्त्र : आधी मात्रेचे गणित की आधी औषधाचे कार्य?

पाठ्यनिर्देशिका, कोथरूड

इंडियन नर्सिंग कौन्सिलचा २०२१ चा सत्र पद्धतीचा अभ्यासक्रम आल्यापासून बी.एस्सी. नर्सिंगला औषधशास्त्र तिसऱ्या व चौथ्या सत्रात विभागून शिकवले जाते. विभागणी चांगलीच आहे. परंतु वर्गात आपण सुरुवात करतो ती औषधांच्या वर्गीकरणापासून, आणि मात्रा काढण्याचे गणित एखाद्या तासात उरकून टाकतो. माझे स्पष्ट मत असे आहे की, तिसऱ्या सत्राचा पहिला महिना केवळ लेबल वाचणे, मात्रा काढणे आणि औषध देण्याचे मार्ग यांनाच द्यावा, त्याची स्वतंत्र परीक्षा घ्यावी, ती कॅल्क्युलेटरशिवाय असावी, आणि पैकीच्या पैकी गुण मिळेपर्यंत विद्यार्थ्याने ती पुन्हा द्यावी.

उदाहरण इन्सुलिनचे घ्या. इन्सुलिन पेशीत ग्लुकोज कसे पोहोचवते यावर दोन पाने लिहिणाऱ्या मुलींपुढे मी एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेली बाटली, लाल टोपणाची सिरिंज आणि नारिंगी टोपणाची सिरिंज ठेवते व २० युनिट भरायला सांगते. लाल टोपणाची सिरिंज एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेल्या इन्सुलिनसाठी असते, नारिंगी टोपणाची १०० युनिट असलेल्या. तिच्यावरील २० च्या रेघेपर्यंत ही बाटली भरली, तर आत येते ०.२ मिलिलिटर, म्हणजे अवघे ८ युनिट. उलट, १०० युनिटची बाटली लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत भरली, तर ५० युनिट जातात आणि रुग्णाची साखर धोकादायकरीत्या खाली येते. हे ज्याला चटकन सांगता येत नाही, त्याचे वर्गीकरण तोंडपाठ असून उपयोग काय?

अधिपरिचारिका, अतिदक्षता विभाग, हडपसर

मॅडम, आपल्या उदाहरणाशी माझा वाद नाही, त्यातून काढलेल्या निष्कर्षाशी आहे. डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाची ०.२५ मिलिग्रॅमची गोळी लिहून दिलेली असते आणि गोळीही ०.२५ मिलिग्रॅमचीच असते. इथे गणित शून्य आहे, तरीही हे औषध बेफिकिरीने देता येत नाही. स्टेथोस्कोप लावून हृदयाचे ठोके पूर्ण एक मिनिट मोजायचे, प्रौढ रुग्णात ते साठच्या खाली असतील तर गोळी थांबवून डॉक्टरांना कळवायचे, हे परिचारिकेचे काम आहे. त्याच रुग्णाला फ्युरोसेमाइड हे लघवी वाढवणारे औषध चालू असेल, तर लघवीवाटे पोटॅशियम कमी होते, आणि पोटॅशियम कमी झाले की डिगॉक्सिनची नेहमीचीच मात्रा विषासारखी वागू शकते. रुग्ण म्हणतो, जेवण नको वाटते, मळमळते, सगळे पिवळसर दिसते. औषध कसे काम करते हे जिला ठाऊक नाही, ती बहुधा ही तक्रार हॉस्पिटलच्या जेवणाच्या खाती जमा करून मोकळी होईल.

दुसरे म्हणजे, आता ठरावीक वेगाने औषध सोडणारे सिरिंज पंप आहेत, त्यांत औषधांच्या मात्रांची साठवलेली यादी, म्हणजे ड्रग लायब्ररी आहे. दर मिनिटाला किती मायक्रोग्रॅम जायला हवे हे यंत्र काढते. जे यंत्राला जमते त्यासाठी महिना घालवायचा आणि जे यंत्राला जमत नाही ते पुढे ढकलायचे, हा क्रम मला उलटा वाटतो.

बालरोग कक्षातील परिचारिका, चिंचवड

सिस्टर, पंप तेच गणित करतो जे आपण त्याला सांगतो. साठ किलोच्या रुग्णाला डोपामिन हे रक्तदाब वाढवणारे औषध दर किलोमागे मिनिटाला ५ मायक्रोग्रॅम द्यायचे आहे, म्हणजे तासाला १८ मिलिग्रॅम. २०० मिलिग्रॅमची एक अँप्युल (औषधाची काचेची छोटी कुपी) ५० मिलिलिटरमध्ये केली असेल, तर पंप ताशी ४.५ मिलिलिटरवर लावायचा. आधीच्या पाळीत कोणी दोन अँप्युल घालून सिरिंज भरली आणि लेबल लिहिले नाही, तर पंप इमानेइतबारे दुप्पट डोपामिन देत राहील.

आणि लहान मुलांच्या कक्षात रोज पंप कुठे असतो? बारा किलोच्या मुलाला तापासाठी किलोमागे १५ प्रमाणे १८० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल द्यायचे. पाच मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅमचे सिरप असेल तर ७.५ मिलिलिटर, २५० मिलिग्रॅमचे असेल तर ३.६ मिलिलिटर. आई घरून आणलेली बाटली दाखवून विचारते, ‘सिस्टर, यातले किती देऊ?’ तेव्हा उत्तर उभ्या उभ्या द्यावे लागते. या मुद्द्यावर मी कोथरूडच्या मॅडमच्या बाजूने आहे.

रुग्णालयीन फार्मासिस्ट, शिवाजीनगर

आपण सगळे विद्यार्थ्याच्या डोक्यात काय भरावे यावर बोलत आहात. माझ्या मते निम्म्या चुका डोक्यात नव्हे, तर ट्रॉलीवर घडतात. रक्त गोठू न देणाऱ्या हेपारिनची पाच मिलिलिटरची बाटली एका मिलिलिटरला १००० युनिटची मिळते आणि ५००० युनिटचीही मिळते; आकार तोच. पोटॅशियम क्लोराइडच्या दहा मिलिलिटरच्या अँप्युलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट (क्षार मोजण्याचे एकक) पोटॅशियम असते, आणि ते पातळ न करता थेट शिरेत गेले तर हृदय थांबू शकते. असे अँप्युल साध्या पाण्याच्या अँप्युलशेजारी ठेवायचे आणि मग विद्यार्थिनीची गणिताची परीक्षा घ्यायची, हा न्याय नव्हे. ते कक्षाच्या उघड्या साठ्यातून काढून कुलपात ठेवणे आणि देण्यापूर्वी दोघींनी स्वतंत्रपणे पडताळणे, हे आधी व्हावे. परीक्षा हवी तर त्यानंतर घ्या.

सेवानिवृत्त परिसेविका, सदाशिव पेठ

कुलपाचे म्हणणे रास्त आहे, पण किल्ली रात्रपाळीत कोणाकडे असते हेही विचारून ठेवा.

मूळ विषयाबद्दल सांगायचे तर, मी हडपसरच्या सिस्टरशी सहमत आहे, एका अटीवर: औषधे कमी शिकवा. आमच्या वेळी क्रिस्टलाइन पेनिसिलिनच्या दहा लाख युनिटच्या बाटलीत किती पाणी घालायचे आणि त्यातले किती काढायचे, हे गणित रोजच होई, त्यामुळे त्याची वेगळी शिकवणी लागली नाही. औषधांची कार्ये मात्र समजून घ्यावी लागली. आता मुली नावांच्या शेपटांवरून गट ओळखतात. ‘प्रिल’ने संपणारे औषध रक्तदाबाचे, त्याने कोरडा खोकला होऊ शकतो, ‘सार्टन’ने संपणाऱ्यांत तो क्वचित होतो. युक्ती उपयोगाची आहे, परंतु अर्धवट पाठ केली तर घात करते. प्रोप्रानोलॉल आणि साल्ब्युटामॉल ही दोन्ही नावे कानाला सारखीच संपतात. पहिले बीटा रिसेप्टर, म्हणजे पेशीवरील औषधाला प्रतिसाद देणारी जागा, अडवते आणि दम्याच्या रुग्णाची श्वासनलिका आवळू शकते. दुसरे बीटा रिसेप्टर चेतवून तीच श्वासनलिका मोकळी करते. रिसेप्टर म्हणजे काय हे जिला कळले आहे, तिला शेपूट पाठ करण्याची गरजच उरत नाही, आणि दम्याच्या रुग्णाच्या केसपेपरवर प्रोप्रानोलॉल दिसले तर ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढे जाणार नाही.

विद्यार्थी, बी.एस्सी. नर्सिंग, दुसरे वर्ष

मोठ्यांच्या चर्चेत बोलतो, क्षमस्व. गणिताला आमचा विरोध नाही. मात्र पैकीच्या पैकी आणि तेही कॅल्क्युलेटरशिवाय, हे जाचक वाटते. शिवाय आम्हाला शिकवतात ते सूत्र. ५०० मिलिलिटर सलाइन चार तासांत द्यायचे, सलाइनच्या नळीचा सेट एका मिलिलिटरला २० थेंबांचा असेल तर मिनिटाला ४२ थेंब, हे आम्ही वहीत अचूक काढतो. प्रत्यक्ष कक्षात सेटच्या पाकिटावर १५ थेंब छापलेले असतील, तर उत्तर ३१ येते, हे पाकीट वाचल्याशिवाय कळत नाही, आणि ते वाचायला आम्हाला कोणी सांगितलेले नसते. परीक्षा घ्यायचीच तर कागदावर न घेता खरी पाकिटे व बाटल्या समोर ठेवून घ्यावी, अशी विनंती आहे.

पाठ्यनिर्देशिका, कोथरूड

आपली विनंती मान्य. परीक्षा बाटल्या व पाकिटे समोर ठेवूनच व्हावी. पैकीच्या पैकी गुणांबाबत मात्र मी मागे हटणार नाही, कारण दहापैकी आठ बरोबर असे म्हणताना उरलेल्या दोन उत्तरांच्या जागी दोन रुग्ण असतात. कॅल्क्युलेटर कक्षात जरूर वापरा, पण उत्तर साधारण किती यायला हवे याचा अंदाज आधी बांधता आला पाहिजे. दशांश चिन्ह एक घर सरकले तर ते यंत्राला खटकत नाही, आपल्याला खटकायला हवे.

फार्मासिस्ट साहेब, कुलूप आणि दुहेरी पडताळणी हवीच. पण पडताळणाऱ्या दोघींनाही गणित येत नसेल, तर दुसरी सही ही केवळ सोबत ठरते.

अधिपरिचारिका, अतिदक्षता विभाग, हडपसर

मग त्याच परीक्षेत प्रत्येक उदाहरणापुढे रुग्णाची नाडी, रक्तदाब आणि चालू औषधे लिहा, आणि मात्रा काढल्यावर ‘हे औषध आत्ता द्याल का?’ असेही विचारा. गणित आणि कार्य दोन्ही एकदम तपासले जाईल, महिनाही वाया जाणार नाही.

पाठ्यनिर्देशिका, कोथरूड

हा प्रश्न मी दुसऱ्या महिन्यात आनंदाने विचारेन. पहिल्या महिन्यात नाही. दोन्ही एकत्र विचारले की कच्च्या गणिताचा विद्यार्थी ‘नाडी कमी असल्याने औषध देणार नाही’ एवढे छान वाक्य लिहून गुण मिळवतो, आणि बाकीच्या नऊ रुग्णांना, ज्यांची नाडी ठीक आहे, तो सिरिंज किती भरेल हे मला कळतच नाही.