सुपरमॅनचा चष्मा आणि मुलांचे प्रश्न

चष्मेबहाद्दर: सुपरमॅनच्या कथेतील विसंगतीविषयी मुलाने प्रश्न विचारल्यास 'ती गोष्ट आहे, मुकाट्याने वाच' असे सांगावे, असे मत काल येथे एका सदस्याने मांडले, ते वाचून मला स्वस्थ बसवेना. माझ्या आठ वर्षांच्या भाच्याने स्वयंपाकघरात आजीचाच चष्मा नाकावर चढवून "आजी, मी कोण?" असे विचारले. भाकरी उलटता उलटता आजीने "गाढव" असे उत्तर दिले. चष्म्याविना जिला अंधूक दिसते ती आजी ओळखते, तर केवळ चष्मा लावून क्लार्क केंट या नावाने वावरणाऱ्या सुपरमॅनला पत्रकार असलेली लोइस लेन का ओळखत नाही, या त्याच्या प्रश्नाला मुकाट्याने वाचणे हे उत्तर नव्हे.

निमूट वाचक: तो सदस्य मीच. आपला भाचा एका प्रश्नावर थांबला, हे आपले भाग्य. सुपरमॅन डोळ्यांतील उष्ण किरण आरशावरून परतवून दाढी करतो, एवढे मी मुलीला सांगितले; मग आरसा का वितळत नाही, येथपासून सुरू झालेली चौकशी अकरा वाजले तरी संपली नाही आणि पान काही उलटले नाही.

भौतिकवाल्या बाई: मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे आपले दुःख मला समजत नाही. 1973 मधील स्पायडरमॅनच्या 121व्या अंकात उंचावरून पडणाऱ्या ग्वेन या आपल्या प्रेयसीला तो जाळ्याने झेलतो, तरी ती मरते. पुढे संपादकांनीच मान्य केले की, एकाएकी थांबण्याच्या झटक्याने तिची मान मोडली. 'त्याने तिला हळूहळू का थांबवले नाही?' असे विचारणाऱ्या मुलाला संवेग वेगळा शिकवावा लागत नाही. कथेतील चूक सावरून दाखवणाऱ्या वाचकांना स्पायडरमॅनची प्रकाशन कंपनी मार्व्हल तर बक्षीस म्हणून चक्क रिकामे पाकीट पाठवत असे.

डेंकालीकर: चष्मा राहू द्या. आपल्याकडील इंद्रजाल कॉमिक्समध्ये वेताळाचा, म्हणजे मुखवटाधारी फँटमचा, देश डेंकाली होता, आणि चुलतभावाकडील परदेशी अंकात तोच बंगाला निघाला. मी काकांना कारण विचारले, तर कानशिलात बसली. बंगालशी घोटाळा नको म्हणून ते नाव बदलले होते आणि त्याचे शत्रू असलेल्या सिंग चाच्यांचेही सिंगा केले होते, हे फार उशिरा कळले.

निमूट वाचक: ही विसंगती नसून संपादकीय शहाणपण आहे. सिंग नावाचे चाचे येथे कोणी खपवून घेतले असते? कृपया धागा भरकटवू नये.

डेंकालीकर: शहाणपण असेलही, थप्पड मात्र मला बसली, आपल्याला नव्हे. 'मुकाट्याने वाच' म्हणणारे पुढे हात उचलतात, हे मी अनुभवाने सांगतो.

निमूट वाचक: मी मुलीवर कधीही हात उचललेला नाही, त्यामुळे हा आरोप मागे घ्यावा.

डेंकालीकर: आपल्यापुरता घेतला. काकांपुरता नाही.

निमूट वाचक: उपकार झाले. बाईंचे संवेगाचे म्हणणेही मान्य करतो, कारण दुसरा इलाज दिसत नाही. हे सर्व माझ्या खांद्यावरून वाचणाऱ्या मुलीने आत्ताच विचारले आहे की, वेताळाची गादी बापाकडून मुलाकडे जात एकविसाव्या पिढीपर्यंत आली, तर प्रत्येक पिढीत मुलगाच कसा झाला, आणि मुलगी झाली असती तर तिला मुखवटा दिला असता का? डेंकालीकर, हे आपल्याच देशाचे प्रकरण आहे. उत्तर आपणच द्यावे. ती झोपायला जाण्यास तयार नाही.