सीमेवरच्या चौदा गावांना ‘दोन्ही ताटात जेवणारे’ म्हणणं बरोबर आहे का?

पहाडावरचा: परवा एका ग्रुपवर आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यातल्या, तेलंगणाच्या हद्दीवरच्या चौदा गावांबद्दल कोणीतरी लिहिलं, “दोन राशन कार्डं, दोन मतदान, तरी रडणं चालूच.” खाली हसणाऱ्यांची रांग. मी त्यातल्याच एका गावचा. कार्डं दोन आहेत, लपवत नाही. सातबारा एकही नाही, ते कोणी का मोजत नाही? बाप 72 च्या दुष्काळात नांदेडकडून आला, तेव्हापासून जमीन कसतो, नावावर नाही. म्हणून पीककर्ज नाही. सीसीआयला, म्हणजे सरकारी कापूस खरेदीला, कापूस घालायचा तर सातबारा मागतात. मग बियाणं-खत दुकानदाराकडून उधारीवर, अन् कापूस त्यालाच, तो म्हणेल त्या भावात. वरून टेबलावरचा बाबू आधार कार्ड उलटसुलट करून विचारतो, “तुम्ही तेलंगणाचे ना?” तिकडं तेलंगणात केरामेरीला गेलं तर मराठी म्हणून बाजूला.

राजुरावाला: भाऊ, रागावू नको. पण एका माणसाले मत एकच असते ना? 2019 ले दोन्हीकडचं लोकसभेचं मतदान 11 एप्रिललेच होतं. 2024 ले इकडं 19 एप्रिल, तिकडं 13 मे, म्हणजे शाई पुसाले टाइम भेटला. माझ्या मायची निराधारची पेन्शन महिनोनमहिने अडकते अन् तुमच्याकडं म्हाताऱ्याले दोन दोन. राग येणारच ना बाप्पा!

पहाडावरचा: यादीत नाव घालायला तिकडचा माणूस घरी आला होता, आम्ही गेलो नव्हतो. महाराष्ट्र म्हणतो गावं आमची, तरी तिकडची शाळा चालू, राशन चालू. हा घोळ निस्तरायचा कोणी, आम्ही?

जुने मास्तर: सातबाऱ्याचं सांगतो. 2006 च्या वनहक्क कायद्यात आदिवासीला 13 डिसेंबर 2005 च्या आधीचा कब्जा पुरतो. इतरांना तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षांची वस्ती दाखवावी लागते. दुष्काळात आलेला माणूस ती आणणार कुठून? या इतरांत दलित कुटुंबंही मोडतात अन् बंजाराही. बंजारा तिकडं अनुसूचित जमातीत (एसटी), इकडं विमुक्त जातींत. एकाच तांड्यातल्या माणसाची हद्दीच्या अल्याड-पल्याड जात तीच, दाखला वेगळा.

कोलामपोड: थांबा गा सगळे. पहाड काय रिकामा होता? कोलाम होते, गोंड होते. माझ्या आज्याची जमीन गूळ-तंबाखूच्या उधारीत गेली. आदिवासींची जमीन परत करायचा कायदा 1974 चा आहे, पण त्याले नोंद लागते, अन् कोलामाच्या नावानं नोंद करत होतं कोण? तुमाले ‘तेलंगणाचे’ म्हटलं की झोंबते. तुमच्याच गावच्या चहाच्या टपरीवर माझ्या बापाच्या वयाच्या माणसाले “ए कोलाम्या, सरक तिकडं” म्हणतात. त्याचा धागा कोणी काढला नाही आजवर.

पहाडावरचा: टपरीवरचं मी काढला असता धागा, तू सांगितलं असतं तर. पण जमिनीचं मान्य नाही. माझ्या बापानं बैलजोडी देऊन घेतली. त्या काळी कागद कोण करत होतं?

कोलामपोड: आमच्या गुड्यात, कोलामांच्या वस्तीत, तुमची बैलजोडी पाहिलेला एक म्हातारा दाखव.

राजुरावाला: अन् मतदानाचं राहूनच गेलं.