फ्लेमेंकोवाल्यांना स्वरलेखन येत नाही, म्हणून काय बिघडलं?

अर्धवट_वादक
माझे गिटारचे सर फ्लेमेंकोला, म्हणजे स्पेनमधल्या त्या गाणं-नाच-गिटारच्या परंपरेला, ‘अंदाजपंचे वाजवणं’ म्हणतात. कारण काय, तर त्यातल्या बऱ्याच दिग्गजांना स्वरलेखन वाचता येत नव्हतं. डोकं फिरलं म्हणून हा धागा. फ्लेमेंकोतला सोलेआ हा प्रकार घ्या. बारा मात्रा, वजन ३, ६, ८, १०, १२ वर. आपल्या सवयीने एकावर सम धरायला गेलात की तोंडघशी पडलात. घरात टाळ्या ऐकत वाढलेल्या पोराच्या हे अंगातच मुरलेलं असतं. याला अंदाज म्हणायचं?

काळी_पाच
भाबडेपणा आहे हा. फ्लेमेंको गिटारचा दिग्गज पाको दे लुसिया, त्याचंच बघा. १९९१ मध्ये संगीतकार रोद्रिगोचा ‘कोन्सिएर्तो दे आरान्ख्वेथ’ (गिटार आणि वाद्यवृंदासाठी लिहिलेली शास्त्रीय रचना) वाजवायचा ठरला, तेव्हा त्या कागदांशी झटावंच लागलं ना त्याला? (रोद्रिगो लहानपणापासून अंध, ब्रेलमध्ये लिहायचा. त्याने लिहिलेलं वाचताना डोळसाची तारांबळ!) मॅक्लॉग्लिन आणि डी मिओला या जॅझ गिटारवाल्यांसोबत वाजवतानाही आपण हार्मनी (स्वरांच्या जुळणीचं शास्त्र) शिकलेलो नाही, हे पाकोने स्वतःच कबूल केलंय.

अर्धवट_वादक
दुसऱ्याच्या घरी गेल्यावर अडला. स्वतःच्या घरात अडला का कधी?

ठेका_चुकला
मुळात ‘शास्त्र नाही’ हेच चूक. शास्त्र आहे, त्याची नावं वेगळी आहेत. ‘पोर आरिबा’ म्हणजे ई कॉर्डची पकड धरून वाजवायचं, ‘पोर मेदिओ’ म्हणजे ए ची. गायकाच्या पट्टीप्रमाणे कापो (तारा दाबून धरणारा चिमटा) सरकवला की ऐकू येणारा स्वर बदलतो, नाव तेच राहतं. आपला सा कुठल्याही पट्टीत सा च असतो की नाही? तसंच.

काळी_पाच
साथीपुरतं मान्य. पण ‘आमचं सगळं कानावर’ हा नंतरचा मिरवायचा प्रकार आहे. राफाएल मारीनने फ्लेमेंको गिटारचं शिक्षणपुस्तक १९०२ सालीच छापलं होतं. फ्लेमेंको वादक रामोन मोंतोयाने शास्त्रीय गिटारवाल्यांची तंत्रं उचलली, आणि दुसरा वादक पाको पेन्या याने १९८५ मध्ये रॉटरडॅमच्या संगीत विद्यालयात फ्लेमेंको गिटारचा अभ्यासक्रम सुरू केला. ते काय सगळे वाया गेले?

टाचा_आपटणारी
मी नाचते, म्हणून बोलते. मी पायाने ‘यामादा’ देते, म्हणजे ‘आता वळतेय, सावध’ असा इशारा. तो कुठल्या मात्रेवर येईल हे कधीकधी मलाच माहीत नसतं, कागदावर कुठून असणार? परवा तालमीला एक वाचून वाजवणारा आला होता. बोटं चोख. मी थांबले, बाई गाणारी थांबली, आणि हा पठ्ठ्या आणखी दोन ओळी वाजवत राहिला.

काळी_पाच
हा दोष वाचण्याचा नाही. त्याने पाठ केलं नव्हतं.

टाचा_आपटणारी
पाठ होतं हो त्याला. मान वर करायची सवय नव्हती.