इंदूर ते लेह: पंधरा किलोत क्लाइंबिंगचं सामान कसं बसवायचं?

जानापावचा_रविवार

नमस्कार मंडळी. ऑगस्टमध्ये लडाखमधल्या कांग यात्से-२ शिखरावर (६,२५० मीटर) जातोय, इंदूर-दिल्ली-लेह विमानानं. चेक-इन १५ किलो, केबिन ७. पहिल्यांदाच सगळं सामान स्वतःचं आहे, भाड्याचं नाही. काल डफल (सामानाची मोठी बॅग) काट्याला लावली तर साडेएकोणीस! त्यावर आई खोबऱ्याच्या वाट्या आणि शेवेची पिशवी ठेवून गेली. आइस ॲक्स (बर्फातली कुऱ्हाड) नेऊ देतात का? गॅसचा डबा? पॉवर बँक २०,००० एमएएचची आहे. आणि क्रॅम्पॉननं (बर्फासाठी बुटाखाली लावायचे धातूचे दात) डफल फाटू नये म्हणून काय करता?

लोकमान्यनगर_ताई

अरे, आधी बूट डफलमधून बाहेर काढ. ते पायात घालूनच विमानात बसायचं.

हे मी इतकं ठासून सांगतेय कारण माझी डफल एकदा दिल्लीतच राहिली होती. लेहला पोचली तिसऱ्या दिवशी, तोवर आमची तुकडी निघून गेलेली. मला बूट ४ नंबरचा लागतो, भाड्याच्या दुकानात ६ च्या खाली एकही जोड नव्हता. दोन-दोन मोजे चढवून निघाले. सरावाच्या दिवशी उतरताना पाऊल आत सरकायचं आणि अंगठा पुढे आपटायचा. दोन्ही नखं काळीनिळी झाली, आणि मी बेस कॅम्पवर बसून बाकीच्यांना शिखराकडे जाताना पाहिलं. आइस ॲक्स, हार्नेस (दोर अडकवायचा कमरेचा पट्टा) लेहमध्ये कुणाचंही चालतं. तुझ्या पायाचा बूट मिळेलच असं नाही. शिवाय आपण इंदूरच्या ५५० मीटरवरून थेट लेहच्या ३,५०० वर उतरतो, विरळ हवेची सवय व्हायला पहिले दोन दिवस पडून राहायचे असतात. त्यात दुकानं धुंडाळत फिरलास तर डोकं धरून बसशील.

आइस ॲक्स, क्रॅम्पॉन, ट्रेकिंग पोल फक्त चेक-इनमध्ये. हार्नेस आणि कॅरॅबिनरही (दोराच्या धातूच्या कड्या) तिथेच टाक, सिक्युरिटीत वाद नको. सायकलवाल्याकडून जुनी ट्यूब आण. वीतभर तुकडा कापून ॲक्सच्या टोकावर चढव, दुमडून सुतळीनं आवळ. क्रॅम्पॉनचे दात समोरासमोर आणून मध्ये जाड पुठ्ठा घाल, वरून तीच ट्यूब गुंडाळ. मग डफलच्या मधोमध, कपड्यांच्या आत. कडेला ठेवलेस की दात कापड शोधतातच.

गॅसचा डबा कुठेच चालत नाही, ना हातातल्या बॅगेत ना विमानाच्या पोटात. लेहमध्ये घे. लायटर, काडेपेटीही नको. पॉवर बँक हातातल्याच बॅगेत: २०,००० एमएएच म्हणजे ३.७ व्होल्टनं ७४ वॅट-अवर, मर्यादा १०० ची आहे. फक्त तिच्यावरचा छापील आकडा वाचता आला पाहिजे. हेडलॅम्पचे सुटे लिथियम सेलही हातात.

आईच्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र घरीच ठेव. सुक्या खोबऱ्यात तेल असतं, ते पेट घेणाऱ्या वस्तूंत मोजतात आणि बॅग उघडायला लावतात. शेव खुशाल ने. वर थंडीत तोंडाला चव नसते तेव्हा तीच खाल्ली जाते.

रामबागचा_दोर

ताईंशी सहमत, पण एक राहिलं. दोन्ही तिकिटं एकाच बुकिंगवर आहेत का? वेगळी असतील तर दिल्लीत सामान उचलून पुन्हा जमा करावं लागेल, चार तास तरी हातात ठेव. जादा वजन लागलंच तर आधी ऑनलाइन घे, काउंटरवर महाग पडतं. जुना स्टोव्ह असेल तर घासूनपुसून, इंधनाचा वास येणार नाही असा कर आणि एअरलाइनला आधी विचार.

जानापावचा_रविवार

ताई, वाचल्यावर रात्रीच सगळं उपसलं. बूट २.४ किलो, ते पायात. डाउन जॅकेट ७०० ग्रॅम, ते अंगात. स्लीपिंग बॅग १.८, ती दाबून केबिनच्या सॅकमध्ये. डफल आता १४.६! बुकिंग एकच आहे. ट्यूब सियागंजात मिळाली, पण ॲक्सच्या पात्यावर ढिली बसतेय. पात्यालाही सुतळीच बांधता का?

लोकमान्यनगर_ताई

पात्याला पुठ्ठ्याची घडी आणि वर चिकटपट्टी. सुतळी पात्याच्या दातांवर घासून तुटते. पट्टीचं उरलेलं रीळ सोबत ठेव, परतीला लागेल.