‘म्नॉ’, ‘फिर’ आणि आपला जनानखाना

आयर्लंडमध्ये नवख्या माणसाची गफलत होते ती स्वच्छतागृहाच्या दाराशी. एका पाटीचं पहिलं अक्षर एम, दुसरीचं एफ. इंग्रजीची सवय असलेला पुरुष एम बघून आत शिरतो आणि तो बायकांचा विभाग निघतो. आयरिशमध्ये ‘म्नॉ’ म्हणजे बायका आणि ‘फिर’ म्हणजे पुरुष.

‘म्नॉ’चं एकवचन ‘ब्यॅन’. बाई ती ब्यॅन, बायका त्या म्नॉ, आणि ‘बाईचा’ म्हणायचं तरी म्नॉच. एकाच शब्दात ‘ब’चा ‘म’ कसा झाला? संस्कृत, फारसी, आयरिश या सगळ्यांची सामाईक पूर्वज भाषा ती भारोपीय. तिच्यातल्या मूळ धातूत ‘ग्व’सारखा ध्वनी होता. केल्टिक भाषांत, म्हणजे आयरिशच्या शाखेत, त्याचा ‘ब’ झाला: आपली ‘गो’ म्हणजे गाय तिकडे ‘बो’, आपला ‘जीव’ तिकडे ‘ब्यो’, म्हणजे जिवंत. शब्दाची दोन रूपं होती, एक मधल्या स्वरासह आणि एक त्या स्वराविना. स्वर राहिला तिथे ‘ब्यॅन’ झालं. स्वर गेला तिथे ‘ब्न’ असं जोडाक्षर उरलं आणि त्याचं ‘म्न’ झालं.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी, की संस्कृतातही हीच जोडी आहे. स्वरासह ‘जनि’, म्हणजे स्त्री, पत्नी. स्वराविना ‘ग्ना’, ऋग्वेदातल्या देवपत्नी. म्हणजे आयरिश पाटीवरचं ‘म्नॉ’ आणि ऋग्वेदातलं ‘ग्ना’ ही सख्खी भावंडं. फारसीत याच मुळाचं ‘झन’ झालं, त्यावरून ‘जनाना’, आणि तिथून आपला जनानखाना.

मग ‘जननी’ही यातलीच का? नाही. ‘जन्’, म्हणजे जन्म देणे, हा धातू वेगळा. संस्कृतात दोन्हींचा ‘ज’ झाल्यामुळे ते एक वाटतात, पण आयरिशने फरक राखला आहे: बाई ती ‘ब्यॅन’, आणि ‘उत्पन्न करणे’ या अर्थाचं क्रियापद ‘गिन’. एकीकडे ‘ब’ आणि दुसरीकडे ‘ग’, म्हणजे मुळं दोन.

‘फिर’ सोपा आहे. तो आपला ‘वीर’, लॅटिनमधला ‘विर’. आरंभीच्या ‘व’चा आयरिशमध्ये ‘फ’ होतो. आपले वीस तिकडे ‘फिहे’.

आता व्याकरण. ‘ती बाई’ म्हणताना ‘अन ब्यॅन’ होत नाही, ‘अन व्यॅन’ होतं. ‘अन’ हे इंग्रजीतल्या ‘द’सारखं उपपद, आणि स्त्रीलिंगी नामाचं पहिलं व्यंजन त्याच्यामागे मऊ पडतं. ‘बायकांचा’ म्हणताना आणखी गंमत. १९१४ साली डब्लिनमध्ये स्थापन झालेल्या स्त्रियांच्या राष्ट्रवादी संघटनेचं नाव उच्चारायचं ‘कुमन ना मन’, पण लिहिताना शेवटच्या शब्दात ‘म’ आणि ‘ब’ दोन्ही लिहितात. हा ‘म’ आला कुठून? ‘देवानाम्’, ‘नराणाम्’ या षष्ठी बहुवचनाच्या शेवटी जसा ‘म्’ आहे, तसा अनुनासिक तिथल्या ‘ना’ या उपपदाच्या शेवटीही होता. तो पुढे गळून गेला, पण जाताना पुढच्या शब्दाच्या ‘ब’ला अनुनासिक करून गेला. आपण संधी दोन शब्दांच्या सांध्यावर शोधतो. इथे सांधा बुजला आहे आणि संधी तेवढा उरला आहे.

वापराबद्दल थोडं. ‘ब्यॅन अन टी’ म्हणजे घरची बाई. उन्हाळ्यात आयरिश शिकायला आयरिशभाषक भागात गेलेली मुलं जिच्या घरी उतरतात ती. ‘यजमानीणबाई’ हा शब्द मला त्याला नेमका वाटतो. इंग्रजीत गेलेली ‘बॅन्शी’ म्हणजे मूळची ‘ब्यॅन शी’, प्राचीन टेकाडांत राहणाऱ्या अद्भुत लोकांपैकी स्त्री. तिला मराठीत ‘हडळ’ म्हणू नये. हडळ झपाटते, ही घरातला मृत्यू जवळ आला की रडते, एवढंच.

आणि १९९० साली मेरी रॉबिन्सन आयर्लंडच्या पहिल्या स्त्री राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आल्या, तेव्हा भाषणात त्यांनी आपल्या मतदार स्त्रियांचा उल्लेख इंग्रजीतून बोलतानाही आयरिशमध्ये केला: ‘म्नॉ ना हेरन’, आयर्लंडच्या बायका.